यहुदी परंपरेतील पाप, पापाचे परिणाम आणि परतीची वाट

यहुदी धर्मविचारात पापाकडे प्रथम कृती म्हणून पाहिले जाते. परमेश्वर आणि इस्राएल यांच्यातील करारातून ज्या आज्ञा आल्या, त्यांना हिब्रूत मित्झ्वा म्हणतात. रब्बी, म्हणजे धर्मपंडित, यांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तालमूदमध्ये रब्बी सिमलाई यांच्या नावावर असलेल्या गणनेनुसार त्या ६१३ असून २४८ विधिरूप व ३६५ निषेधरूप आहेत. यांतील एखादी मोडणे किंवा पाळायची राहणे हे पाप होय. म्हणूनच पापाची चर्चा या परंपरेत मनाच्या अवस्थेपेक्षा आचरणाच्या, भरपाईच्या आणि न्यायाच्या भाषेत अधिक होते. पापातून परत फिरण्याला तेशुवा, म्हणजे परतणे, असे नाव आहे. बायबलकाळापासून विसाव्या शतकापर्यंत या तेशुवेची साधने वारंवार बदलली: बळी गेला, प्रार्थना आली, देहदंड आला आणि मागे पडला. तरीही कृतीने बिघडलेले कृतीनेच दुरुस्त करावे लागते, नुसत्या भावनेने वा नुसत्या विधीने ते भागत नाही, हा आग्रह बहुतेक प्रत्येक वळणावर पुन्हा वर आलेला दिसतो. प्रस्तुत आढाव्यात या आग्रहाचा मागोवा घेतला आहे.

पापाच्या पायऱ्या

हिब्रू बायबलमध्ये पापासाठी अनेक शब्द येतात. त्यांपैकी हेत, आवोन आणि पेशा हे तीन पुढील चर्चेत पारिभाषिक ठरले. तालमूदच्या योमा या प्रकरणात त्यांची वाटणी अशी केली आहे की, नकळत किंवा विस्मरणाने घडलेला दोष म्हणजे हेत, जाणूनबुजून केलेला अपराध म्हणजे आवोन आणि आज्ञा देणाऱ्याची सत्ताच नाकारण्याच्या वृत्तीने केलेले बंड म्हणजे पेशा. या वाटणीमागे हेतूचे वजन आहे. तेच कृत्य अजाणता घडले, मोहाने घडले की अवज्ञेसाठी घडले, यावर त्याचे परिणाम आणि परिमार्जनाचा मार्ग ठरतो. सर्व निषेधांपैकी मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यहत्या ही तीन महापातके मानली जातात. जिवावर बेतले तरी ती करू नयेत, मात्र इतर बहुतेक आज्ञा जीव वाचवण्यासाठी बाजूला ठेवता येतात, असा दंडक तालमूदमध्ये नोंदलेला आहे.

आदाम आणि हव्वा यांच्या अवज्ञेमुळे मृत्यू, कष्ट आणि निर्वासन मानवजातीच्या वाट्याला आले, असे रब्बी वाङ्मयात अनेक ठिकाणी मानलेले आहे. मात्र त्या अवज्ञेचा दोष प्रत्येक माणसाला जन्मतः चिकटतो हा ख्रिस्ती परंपरेतील सिद्धान्त मुख्य यहुदी प्रवाहात रुजला नाही. सकाळच्या प्रार्थनेत आत्मा शुद्ध स्वरूपात दिला गेल्याचे कृतज्ञतेने म्हटले जाते. पापाचा उगम रब्बींनी माणसाच्या दोन प्रवृत्तींच्या ओढाताणीत पाहिला. येत्झेर हाराचे, म्हणजे वाईटाकडे ओढणाऱ्या प्रवृत्तीचे, उच्चाटन करावे असे मात्र त्यांनी सरसकट सांगितले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकावरील मिद्राश या भाष्यग्रंथात तर असे म्हटले आहे की ही प्रवृत्ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुलांना जन्म दिला नसता की व्यापार केला नसता. वासना ही शक्ती आहे आणि तिला आज्ञेच्या चौकटीत वळवणे हे माणसाचे काम आहे, अशी ही भूमिका असल्याने पाप अटळ ठरत नाही आणि पापी माणूस मुळातून भ्रष्टही ठरत नाही.

परिणाम: न्यायालय, देव आणि स्वभाव

पापाच्या परिणामांचा विचार तीन पातळ्यांवर झाला आहे. पहिली पातळी मानवी न्यायालयाची. तोरा, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखली जाणारी पाच पुस्तके, अनेक अपराधांना देहान्त, फटके किंवा भरपाई सांगते. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या विधिसंहितेने देहान्ताचे चार प्रकार नोंदवले. पण दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवेत, कृत्यापूर्वी अपराध्याला स्पष्ट ताकीद दिलेली हवी, अशा अटी रब्बींनी घातल्याने शिक्षा प्रत्यक्षात येणे जवळपास अशक्य झाले. सात वर्षांत एकाला मृत्युदंड देणारे न्यायालय विध्वंसक म्हणावे, असे मिश्नातील एक मत सांगते. रब्बी एलाझार बेन अझर्या ही मुदत सत्तर वर्षांपर्यंत नेतात. आपण न्यायासनावर असतो तर कोणालाच मृत्युदंड झाला नसता, असे रब्बी तारफोन व रब्बी अकिवा म्हणतात आणि अशाने खुनी वाढले असते, असे रब्बान शिमोन बेन गमलीएल त्यांना सुनावतात. मिश्नाने हा वाद न मिटवता तसाच ठेवला आहे.

दुसरी पातळी दैवी शिक्षेची. मिश्नाने ३६ पातकांना कारेत ही शिक्षा सांगितली; तिचा अर्थ समाजापासून किंवा जीवनापासून तोडले जाणे असा आहे. अकाली मृत्यू, निर्वंश होणे, परलोकाला मुकणे अशी तिची वेगवेगळी स्पष्टीकरणे पुढील काळात झाली. मृत्यूनंतरच्या शुद्धीच्या स्थानाला गेहिन्नोम म्हणतात आणि तेथील दंड बारा महिन्यांपुरता असतो असे मिश्नातील एक मत आहे. आईवडिलांसाठी मुले कद्दीश ही प्रार्थना अकराच महिने म्हणतात, कारण पूर्ण बारा महिने म्हटल्यास आईवडील पापी होते असा अर्थ निघेल.

दैवी न्यायाबाबत सर्वांत अवघड प्रश्न सामूहिक दोषाचा होता. निर्गमाच्या पुस्तकात वाडवडिलांचा दोष तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मोजला जाईल असे येते, तर बाबेलच्या बंदिवासात लिहिणारा संदेष्टा यहेज्केल ज्याचे पाप त्यालाच फळ असे ठामपणे मांडतो. तालमूदमधील एका रब्बीने हा विरोध झाकण्याचा प्रयत्नही केला नाही. मोशेने दिलेला निर्णय यहेज्केलाने रद्द केला, असेच त्याने म्हटले. तरीही समूहाच्या पापाची कल्पना टिकून राहिली. पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात यांमुळे, तर दुसरे मंदिर निष्कारण द्वेषामुळे पडले, असा तालमूदचा निर्वाळा आहे. यात लष्करी पराभवाचे कारण शत्रूच्या बळात न शोधता समाजाच्या आपसांतील वागणुकीत शोधले आहे. मात्र प्रत्येक दुःख हे पापाचे फळ असा सरळ हिशेब बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकानेच मोडून काढला होता. दुःख आले तर माणसाने प्रथम स्वतःची कृत्ये तपासावीत असे तालमूद म्हणते, पण दुसऱ्याच्या दुःखावरून त्याच्या पापाचा निष्कर्ष काढणे ते वाचिक छळात गणते.

तिसरी पातळी स्वभावाची आहे. बेन अझ्झाई या विचारवंताने एक मित्झ्वा दुसरीला आणि एक पाप दुसऱ्याला ओढून आणते असे सांगितले. पापाची मजुरी म्हणजे पुढचे पापच, ही त्यातील मांडणी बाहेरून होणाऱ्या कोणत्याही दंडापेक्षा अधिक सूक्ष्म आहे. बाराव्या शतकातील विधिपंडित मायमोनिडीस यांनी देवाने मिसरच्या फारोचे मन कठोर केल्याच्या कथेचा उलगडा याच अंगाने केला. माणूस स्वेच्छेने इतक्या वेळा अन्याय करतो की परतण्याची क्षमताच त्याच्यापासून काढून घेतली जाते आणि ती गमावणे हीच त्याची शिक्षा ठरते.

वेदीपासून तेशुवेपर्यंत

मंदिराच्या काळात परिमार्जनाचे प्रमुख साधन बळी हे होते. लेवीय या पुस्तकात नकळत घडलेल्या दोषासाठी पापार्पण सांगितले असून ते अपराध्याच्या स्थानानुसार बदलते. अभिषिक्त याजकाने आणि संपूर्ण मंडळीने गोऱ्हा, अधिपतीने बकरा आणि सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी अर्पावी असा नियम आहे. काही दोषांबाबत गरिबाला दोन पारवे आणि अतिगरिबाला थोडे पीठही चालते. चोरी करून खोटी शपथ घेणाऱ्याला मात्र आधी मूळ वस्तू आणि तिचा एक पंचमांश मालकाला द्यावा लागतो. दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर येतो. बळीच्या व्यवस्थेतही देवाकडे जाण्याची वाट फसवलेल्या माणसाच्या दारावरून जात होती, हे या क्रमावरून दिसते. लेवीयाचे आधुनिक भाष्यकार जेकब मिलग्रोम यांनी या यज्ञांचा अर्थ पवित्रस्थानाच्या शुद्धीशी जोडला: समाजाच्या पापांनी मंदिर दूषित होते आणि ते वेळोवेळी निर्मळ केले नाही तर देवाचे वास्तव्य तेथे राहत नाही. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक स्वतःसाठी, याजकांसाठी आणि सर्व इस्राएलासाठी पापे कबूल करी. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी दिला जाई आणि दुसरा अजाजेलसाठी रानात पाठवला जाई.

या व्यवस्थेवर टीका संदेष्ट्यांनीच केली होती. यशया, आमोस आणि होशेय यांनी न्यायावाचून केलेल्या यज्ञांना धिक्कारले. योनाच्या कथेत तर निनवे या परक्या, मूर्तिपूजक शहराला बळीवाचून क्षमा मिळते. मिश्नात दुष्काळाच्या उपवासाचा विधी वर्णन करताना वडीलधारा माणूस लोकांना याच कथेची आठवण देतो आणि देवाने निनवेकरांचे गोणपाट व उपास पाहिले असे तेथे म्हटलेले नसून त्यांची बदललेली कृत्ये पाहिली असे म्हटले आहे, हे त्यांच्या लक्षात आणून देतो.

इ. स. ७०मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले, तेव्हा वेदीच नाहीशी झाली. उद्ध्वस्त मंदिराकडे पाहून शोक करणाऱ्या रब्बी यहोशुआला रब्बान योहानान बेन झक्काई यांनी तितक्याच सामर्थ्याचे दुसरे साधन उरल्याचे सांगितले आणि ते म्हणजे परोपकाराची कृत्ये, असा प्रसंग एका जुन्या संग्रहात नोंदलेला आहे. त्यानंतरच्या पिढ्यांनी प्रार्थना, दान आणि तेशुवा यांना यज्ञाच्या जागी आणले. पण तसे करताना एकाच औषधाने सर्व दोष जातात असे मानले नाही. रब्बी इश्माएलच्या नावावर असलेल्या वर्गीकरणानुसार विधिरूप आज्ञा चुकली तर तेशुवेने लगेच क्षमा मिळते. निषेध मोडला तर तेशुवा शिक्षा लांबवते आणि प्रायश्चित्ताचा दिवस पाप धुतो. कारेत किंवा देहान्ताच्या पातकांत त्याखेरीज आयुष्यातील यातनांची भर लागते. आणि ज्याच्यामुळे देवाच्या नावाची जाहीर अप्रतिष्ठा झाली त्याचे परिमार्जन मृत्यूनेच पुरे होते. पाप करीन आणि मग पश्चात्ताप करीन असे ठरवून चालणाऱ्याला पश्चात्तापाची संधी दिली जात नाही, असेही मिश्ना बजावते.

तेशुवेच्या सामर्थ्याबद्दल तालमूदमध्ये दोन टोकांच्या कथा आहेत. वासनेत बुडालेला एलाझार बेन दुर्दया डोंगर, आकाश, सूर्य-चंद्र अशा सर्वांकडे मध्यस्थी मागतो, कोणीही ती करत नाही, तेव्हा गोष्ट आपल्या एकट्यावरच अवलंबून आहे हे ओळखून तो रडत प्राण सोडतो आणि त्याला परलोकाचा अधिकारी ठरवणारी आकाशवाणी होते. उलट, रब्बी मेईर यांचा विद्वान गुरू एलिशा बेन अबुया याला सर्वांना परत बोलावणाऱ्या आवाजातून आपल्यालाच वगळल्याचे ऐकू येते आणि तो परतत नाही. रेश लाकीश या तरुणपणी दरोडेखोर असलेल्या रब्बीचे एक मत असे की भीतीपोटी केलेल्या तेशुवेने जाणूनबुजून केलेली पापे अजाणतेपणीच्या दोषांइतकी हलकी होतात, तर प्रेमापोटी केलेल्या तेशुवेने ती पुण्यात जमा होतात. परतलेला माणूस जेथे उभा राहतो तेथे पूर्ण नीतिमानही उभे राहू शकत नाहीत, या रब्बी अबाहू यांच्या मतामागेही हाच विचार आहे. रब्बी योहानान यांना ते मान्य नव्हते.

माणसाचा माणसाकडे अपराध

या सर्व चर्चेत सर्वाधिक परिणामकारक ठरलेला नियम मिश्नातील आहे. देव आणि माणूस यांच्यातील पापे प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतली जातात. माणूस आणि माणूस यांच्यातील पापे, दुखावलेल्याचे समाधान केल्याखेरीज, त्या दिवशीही धुतली जात नाहीत. शारीरिक इजेची पूर्ण नुकसानभरपाई दिली तरी क्षमा मागेपर्यंत हिशेब पुरा होत नाही. मायमोनिडीस यांनी या नियमाची प्रक्रिया ठरवून दिली: अपराध्याने तीन मित्रांना सोबत घेऊन जावे, नकार मिळाल्यास दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा जावे; त्यानंतरही न द्रवणारा स्वतः पापी ठरतो. दुखावलेला माणूस मरण पावला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी अपराध कबूल करावा आणि त्याचे देणे असल्यास वारसांना द्यावे.

क्षमा मागणे सोपे व्हावे म्हणून कायद्यातही वाट काढण्यात आली. चोरलेली तुळई घर बांधताना वापरली गेली असेल तर शम्मायचा संप्रदाय घर पाडून तीच तुळई परत करायला सांगतो. हिल्लेलच्या संप्रदायाने तिची किंमत पुरेशी मानली, कारण घर पाडण्याच्या धास्तीने कोणी परतायचेच टाळू नये. याला परतणाऱ्यांसाठीची सवलत म्हणतात. परतलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या कृत्यांची आठवण करून देणे निषिद्ध ठरवून समाजावरही जबाबदारी टाकण्यात आली.

संहिता आणि देहदंड

मध्ययुगात तेशुवेला व्यवस्थित शास्त्राचे रूप आले. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तिची चार अंगे सांगितली: पाप सोडणे, त्याची खंत, क्षमायाचना आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. मायमोनिडीस यांनी ‘मिश्ने तोरा’ या संहितेत तिच्यासाठी दहा अध्यायांचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात दोन गोष्टी पक्क्या केल्या. शब्दांत उच्चारलेली कबुली, जिला विद्दुई म्हणतात, ती आवश्यक आहे. पण मनात निश्चय नसताना केलेली कबुली व्यर्थ आहे. तेशुवा पूर्ण झाली हे केव्हा ओळखावे, तर तीच संधी, तीच वासना आणि तेच सामर्थ्य पुन्हा समोर असताना माणूस पापापासून दूर राहतो तेव्हा. त्याच प्रकरणात त्यांनी इच्छास्वातंत्र्याची मांडणी केली, कारण माणूस मोकळा नसेल तर आज्ञा, दंड आणि परतणे या तिन्हींना अर्थ उरत नाही. तेराव्या शतकात जेरोना येथील योना यांनी ‘शाआरे तेशुवा’ या ग्रंथात तेशुवेची वीस तत्त्वे विस्ताराने सांगितली.

त्याच सुमारास जर्मन प्रदेशातील हसीदे अश्कनाझ या भक्तमंडळींनी वेगळी वाट धरली. यहुदा हेहासीद आणि त्यांचे शिष्य वर्म्सचे एलाझार यांच्या शिकवणीत पापातून जितके सुख मिळाले तितकेच दुःख सोसावे असा तराजू आला. दीर्घ उपवास, बर्फात बसणे, फटके खाणे असे देहदंड सांगितले गेले. सोळाव्या शतकात सफेद येथे इसहाक लुरिया यांच्या गूढवादी मंडळात प्रत्येक पापाला विश्वाच्या रचनेतील बिघाड मानले गेले आणि त्याच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे तिक्कूनसाठी, उपवासांच्या संख्या ठरवल्या गेल्या. या प्रवाहाला उत्तरही परंपरेच्या आतूनच आले. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेज्केल लांडाऊ यांनी उपवासांच्या अशा मोजदादीला तालमूदचा आधार नसल्याचे दाखवून पाप सोडणे व खंत हेच तेशुवेचे सार आहे असे लिहिले. हसिदी पंथाच्या खाबाद शाखेचे संस्थापक श्नेऊर झल्मान यांनी उपवास झेपत नसलेल्यांना त्याऐवजी दान करायला सांगितले, तर एकोणिसाव्या शतकात लिथुएनियातील इस्राएल सलांतेर यांनी मुसार चळवळीतून आत्मपरीक्षणाला रोजच्या अभ्यासाचे रूप दिले.

पंचांगातील तेशुवा

हा सर्व विचार सामान्य यहुदी माणसापर्यंत पंचांगातून पोहोचतो. एलूल महिन्यात शब्बाथ हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस सोडून दररोज सकाळी शोफार हे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य फुंकतात; तिश्री महिन्याच्या आरंभी रोश हशाना हा वर्षारंभ व न्यायदिन येतो आणि दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. या दिवशी सुमारे पंचवीस तास अन्न, पाणी, स्नान, तेल लावणे, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. विद्दुई वर्णमालेच्या क्रमाने आणि बहुवचनात म्हटली जाते, त्यामुळे एकाची चूक सगळी मंडळी आपल्या तोंडी घेते. दुपारी योनाचे पुस्तक वाचतात. आदल्या दिवसांत कोंबडा डोक्याभोवती फिरवून त्याचा बळी देण्याची कप्पारोत ही प्रथा ‘शुल्हान आरुख’ या विधिसंहितेचे कर्ते योसेफ कारो यांनी टाकाऊ ठरवली होती, तरी पूर्व युरोपात ती रुजली; आज पुष्कळ जण कोंबड्याऐवजी दानाचे पैसे वापरतात.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण येथे बोलके आहे. तालमूद आणि हिब्रू प्रार्थनाग्रंथ यांच्यापासून हा समाज दीर्घकाळ तुटलेला होता. तरी नव्याच्या सणामागोमाग दारे लावून, उपवास करून, बाहेरच्यांचा संपर्क टाळून पाळला जाणारा दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा, सण त्याने जपला, अशी माहिती हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या बेने इस्राएलांच्या इतिहासात मिळते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या शिक्षकांमुळे व मुंबईतील संपर्कामुळे हिब्रू उपासना परत आली. १७९६मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत उभारलेले सभास्थान ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ओळखले जाते. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. कबुलीचे शब्द हरवले असतानाही आचार टिकला आणि शब्द नंतर त्याला येऊन मिळाले, हा क्रम कृतीला प्राधान्य देणाऱ्या परंपरेशी सुसंगत आहे.

आधुनिक वळणे

विसाव्या शतकात तत्त्वचिंतकांनी तेशुवेला नवा आशय दिला. हर्मन कोहेन यांनी पापाची जाणीव आणि तेशुवा यांतून नैतिक व्यक्ती घडते असे मांडले. अब्राहाम इसहाक कूक यांनी १९२५मधील ‘ओरोत हातेशुवा’ या ग्रंथात तिला सर्व अस्तित्वाची मूळ स्थानाकडे परतण्याची ओढ मानले. योसेफ सोलोवेइचिक यांनी दंडातून सुटणे आणि व्यक्तिमत्त्व शुद्ध होणे हे दोन टप्पे वेगळे केले. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात चिरंतन नरकदंडाची कल्पना आधीच नाकारली होती.

नाझींनी केलेल्या संहाराने मात्र मिश्नातील तो जुना नियम कसोटीला लावला. छळछावणीतील कैदी असताना मरणासन्न एसएस सैनिकाने आपल्याकडे क्षमा मागितल्याचे सिमोन विझेन्थाल यांनी ‘द सनफ्लॉवर’ या पुस्तकात लिहिले आणि आपल्या मौनाबद्दल अनेक विचारवंतांची मते मागवली. अब्राहाम योशुआ हेशेल यांचे उत्तर असे होते की इतरांवर झालेल्या अत्याचाराची क्षमा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. एमान्युएल लेव्हिनास यांनी १९६३च्या व्याख्यानात योमा प्रकरणाचे वाचन करताना हाच मुद्दा पुढे नेला आणि नाझींना साथ दिलेल्या हायडेगरसारख्या विचारवंताला क्षमा करणे कठीण असल्याचे म्हटले.

या दीर्घ विचारपरंपरेचे बळ आणि तिचे न सुटलेले कोडे एकाच ठिकाणी आहे. क्षमेचा अधिकार दुखावलेल्या माणसाकडे ठेवल्यामुळे देवाच्या नावाने स्वस्तात सुटका करून घेण्याची वाट बंद झाली आणि पश्चात्ताप हा भरपाईशी व बदललेल्या वागण्याशी बांधला गेला. पण दुखावलेलाच जिवंत नसेल, किंवा एकाऐवजी सगळे गावच नाहीसे झाले असेल, तेव्हा अपराध्याच्या वाट्याला काय येते, याचे सर्वमान्य उत्तर परंपरेने दिलेले नाही. कबरीपाशी दहा जणांना नेण्याचा मायमोनिडीस यांचा नियम एका माणसाच्या एका अपराधापुरता पुरतो. हत्याकांडाला तो पुरत नाही. अशा वेळी परतण्याचे कर्तव्य उरते, क्षमेची हमी मात्र उरत नाही, इतकेच या परंपरेच्या तर्कातून निघते. त्याहून मोठे आश्वासन देण्याचे बहुतेक आधुनिक यहुदी विचारवंतांनी टाळले आहे.